आधी गाव, मग जंगल, मग पैसा : मेंढा (लेखा) ग्रामसभेचं प्रकरण

"जंगल राखायला गावात गट काढायचाय, निधीचा अर्ज कसा लिहायचा तेवढं सांगा." सामूहिक वनहक्कांच्या, म्हणजे गावाला आपलं जंगल वापरायचा-सांभाळायचा कायदेशीर हक्क मिळवून देण्याच्या कामात हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारे कधी ग्रामपंचायतीचे सदस्य असतात, कधी शाळेतले गुरुजी, कधी बचत गटातल्या ताई. हातात बहुधा कुठल्यातरी देणगीदार संस्थेचा छापील नमुना असतो आणि 'एकूण अपेक्षित रक्कम' या रकान्यापाशी सगळे अडलेले असतात. मला विचाराल तर त्याच्या वरचे रकाने जास्त अवघड आहेत. तुम्ही कोण, जंगल कुणाचं, ठरवतं कोण, हिशोब कोण ठेवणार. ते खरे भरता आले की रकमेचं गणित सुटायला लागतं आणि काही गावांना तर मागायचीच गरज उरत नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचं प्रकरण इथे मांडतो आहे. या गावाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक ग्रामस्वराज्याची कहाणी म्हणून. निधी शोधणाऱ्या गटाने ते पैशाच्या बाजूने वाचलं तर फार कामाचं आहे.

गाव कसं होतं

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की साधारण ३० किलोमीटरवर मेंढा लागतं. जवळून कठाणी नदी जाते. गोंड आदिवासींची शंभरएक घरं, लोकसंख्या पाचशेच्या आतबाहेर. गावाच्या हद्दीतलं बहुतेक सगळं क्षेत्र जंगलाखाली : साग, ऐन, मोह, तेंदू, चार (चारोळीचं झाड), आवळा आणि भरपूर बांबू. भातशेती थोडी. बाकी घर चालतं ते मोहफुलं, तेंदूपाने, डिंक, मध, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) आणि मजुरी यांवर. म्हणजे जंगल राखणं हा इथे हौसेचा किंवा पर्यावरण दिनाचा विषय नव्हता.

जमीनदारी संपल्यावर जंगल सरकारजमा झालं. लोकांचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात नोंदलेले राहिले, प्रत्यक्षात मात्र ते हळूहळू आकसत गेले. कागद गिरणीसाठी बांबूची तोड चालायची. घर दुरुस्तीला चार बल्ल्या आणायच्या तर गावकऱ्याने लपूनछपून आणायच्या आणि कोंबडी-भात देऊन सुटका करून घ्यायची, अशी त्या भागातली रीतच पडली होती.

१९८० च्या दशकात गोदावरी खोऱ्यात इचमपल्ली आणि भोपाळपट्टणम या दोन धरणांच्या योजना आल्या. हजारो हेक्टर जंगल आणि शेकडो गावं पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटेही त्यात होते. धरणं थांबली. मेंढ्याच्या लोकांनी त्यातून एक गोष्ट उचलली : सरकारला आपण विचारू शकतो. पुढे गावाच्या वेशीवर लागलेली घोषणा आज महाराष्ट्रभर माहीत आहे, 'दिल्ली-मुंबई मावा सरकार, मावा नाटे माटे सरकार'. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

गट कसा बनला

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण अर्जातला 'संस्थेची ओळख' हा रकाना नेमका इथे भरला जातो.

गावाने आधी गोटुल बांधलं. गोंडांच्या गावात गोटुल म्हणजे तरुण मुलामुलींनी जमायची, शिकायची, गावाच्या बैठकीची जागा. ती परंपरा विरत चालली होती. बांधकामाला सागाचं लाकूड वापरलं म्हणून वनखात्याने कारवाई केली, लाकूड नेलं. गावाने पुन्हा बांधलं, आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापली गोटुलं उभी केली. जंगलाच्या कुठल्याही योजनेच्या आधी गावाला एकत्र बसायला छप्पर मिळालं आणि ते वाचवताना एकत्र उभं राहायची सवय लागली. यासाठी कुठल्याही देणगीदाराकडे अर्ज गेला नव्हता.

दुसरी गोष्ट अभ्यास गटाची. गावातले काहीजण आणि बाहेरून आलेले काही मित्र ठरावीक विषयावर बसून बोलायचे. जंगल कायदा काय म्हणतो, निस्तार पत्रकात काय लिहिलंय, तोड कुठल्या हुकुमाने चालते. 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातले देवाजी तोफा ही या प्रक्रियेतली सर्वांना माहीत असलेली नावं. या मांडणीतलं शहाणपण असं, की अभ्यास गट काहीही ठरवत नाही. तो फक्त समजून घेतो. ठरवते ग्रामसभा, आणि तीही सर्वसहमतीने. एखाद्याला पटलं नसेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. बाहेरचा माणूस माहिती देऊ शकतो, पण गावाच्या नावाने निर्णय घेऊ शकत नाही.

बहुमताने हात वर करून घेतलेल्या निर्णयापेक्षा याला वेळ फार लागतो. निधी देणाऱ्याचं वेळापत्रक पुढे असताना तर हा खोळंबा जिवावर येतो. तरी मी सर्वसहमतीच्या बाजूचा आहे, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. चराईबंदी किंवा तोडबंदीचा नियम गावातली पाच घरं जरी मनातून मानत नसली तरी तो टिकत नाही. रात्री कुऱ्हाड कोण घेऊन गेलं हे गावाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मग लाख रुपयांचं कुंपण घातलं तरी ते वाया जातं.

दारूबंदीच्या निर्णयात बायांनी पुढाकार घेतला आणि त्यानंतर ग्रामसभेत त्यांचं बोलणं वाढलं. मग जंगलाचे नियम आले. फळासाठी झाड तोडायचं नाही, आग लावायची नाही, गरजेपुरतंच लाकूड आणि तेही ग्रामसभेला विचारून, राखणीला आळीपाळीने माणसं. बाहेरचा कुणीही, मग तो अधिकारी असो की अभ्यासक, गावाच्या जंगलात काही करणार असेल तर त्याने ग्रामसभेपुढे यायचं. व्यापारी बांबूतोडही गावाने रोखून धरली.

पहिली योजना आली आणि गाव तिच्यात बसेना

केंद्र सरकारने जून १९९० मध्ये गावाला सोबत घेऊन जंगल राखण्याचं धोरण काढलं. महाराष्ट्राचा संयुक्त वनव्यवस्थापनाचा शासन निर्णय मार्च १९९२ चा. गावात समिती करायची, वनखात्याबरोबर करार करायचा, रोपवन आणि मृदसंधारणाच्या कामांना निधी मिळणार, पुढे उत्पन्नात वाटा मिळणार.

मेंढ्याला हे हवं होतं. पण योजना होती विरळ, उजाड झालेल्या वनांसाठी. मेंढ्याचं जंगल दाट होतं. ज्या गावाने राखलं ते राखल्यामुळेच अपात्र ठरत होतं. बऱ्याच पाठपुराव्यानंतर त्यांच्यासाठी अपवाद झाला आणि त्या दाट जंगलासाठी समिती मान्य झाली.

हा अनुभव मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तीस वर्षांनंतरही निधीच्या नमुन्यांत तीच खोच आहे. 'किती हेक्टरवर लागवड करणार?', 'किती रोपं?', 'किती टक्के जगतील?' नासलेल्याला दुरुस्त करायला पैसा मिळतो, शाबूत आहे त्याला राखायला सहसा मिळत नाही. त्यामुळे धड उभं जंगल असलेली गावंसुद्धा अर्जात दहा हजार रोपं लिहून मोकळी होतात. विदर्भाच्या पानझडी जंगलात तोडलेल्या खोडांना फुटवे येतात, मोहाच्या-ऐनाच्या बिया आपण रुजतात. आग आणि बेबंद चराई काही वर्षं थांबली तर डोळ्यांसमोर जंगल उभं राहतं. त्याला रोपवाटिकेची गरज कमी आणि राखणदाराची जास्त. अर्ज लिहिणाऱ्याने हे धीटपणे लिहावं : आम्हाला राखणीचा खर्च हवा आहे, आणि तो मोजायची पद्धत ही. ठरावीक ठिकाणी खुंट ठोकून दरवर्षी त्या चौकोनातली नवी रोपं मोजणं, त्याच जागेवरून फोटो काढणं, आग लागलेल्या क्षेत्राचा नकाशा ठेवणं. देणगीदाराला आकडे लागतातच, तर ते जंगलाच्या कामाचे द्यावेत.

खातं कुणाच्या नावाचं?

ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ. पण बँकेचा खिडकीवरचा माणूस विचारतो, संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदलेली? मेंढ्यानेही बाहेरच्या जगाशी व्यवहार करण्यासाठी 'ग्राम नियोजन व विकास परिषद' नावाने नोंदणी केली. निर्णय मात्र ग्रामसभेचेच राहिले.

इतर गावांत हा क्रम उलटतो. निधी मिळतो असं कळलं की तालुक्याच्या ठिकाणी जाऊन सात जणांची संस्था नोंदवली जाते, कारण १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सदस्य लागतात. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष एकाच वाड्यातले. पहिला हप्ता येतो, आणि मग गाव विचारतं, तुम्हाला सांगितलं कुणी? तिथून गट मोडतो. जंगलाच्या गटांचं भांडण झाडावरून झालेलं मी क्वचित ऐकलंय, धनादेशावरच्या सहीवरून झालेलं मात्र नेहमी.

नोंदणी करायचीच असेल तर नियमावलीत दोन वाक्यं हवीत. गावातला प्रत्येक प्रौढ आपोआप सदस्य. आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय कुठलाही खर्च किंवा करार होणार नाही. खात्यावर दोन-तीन जणांच्या सह्या, त्यात एक तरी बाई, आणि महिन्याच्या बैठकीत पासबुक मोठ्याने वाचून दाखवायचं. वाचून दाखवणं हा लेखापरीक्षणापेक्षा चांगला उपाय आहे, कारण आकडा ऐकणाऱ्यांमध्ये त्या कामावर गेलेले मजूर बसलेले असतात.

२००९ : रकमेचा आकडा नसलेला अर्ज

वनहक्क कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ पासून. या कायद्याच्या कलम ३ मध्ये गावाला आपल्या पारंपरिक जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, आणि कलम ५ ग्रामसभेला जंगल-पाणी-वन्यजीव राखण्याचे अधिकार देतं. मेंढ्याने लगेच दावा केला. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. मेंढा आणि त्याच जिल्ह्यातलं मर्दा ही देशात सगळ्यात आधी असा हक्क मिळालेली गावं.

मी याला निधीचाच अर्ज समजतो. त्यात एक रुपयाही मागितलेला नव्हता, पण पुढचा सगळा पैसा या कागदावर उभा राहिला. आणि तो लवकर झाला, कारण वीस वर्षांची तयारी होती. सीमा कुठली हे म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत, निस्तार पत्रक अभ्यास गटाने आधीच वाचलेलं, राखणीच्या आणि बैठकांच्या नोंदी हाताशी.

आज दावा करणाऱ्या गावाला नमुना 'क' भरावा लागतो. तो सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने आला. मेंढ्याच्या वेळी सामूहिक हक्कांसाठी एकच नमुना 'ब' होता. सोबत एकापेक्षा जास्त पुरावे लागतात : निस्तार पत्रक किंवा जुने अभिलेख, देवराई, स्मशान, पाणवठे, जुन्या वाटा अशा खुणा, वडीलधाऱ्यांचे जबाब. ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. वनहक्क समिती पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय आणि शेवटी जिल्हास्तरीय समिती. शेजारच्या गावांशी सीमेचा वाद असेल तर तो आधी एकत्र बसून मिटवावा. दाव्यात तेवढाच मजकूर दहा पानं खातो आणि वर्षं खातो ती वेगळी.

पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, हातात आला की नीट वाचावा. अनेक ठिकाणी त्यावर जादा अटी घातलेल्या सापडतात किंवा मागितलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्र असतं. तसल्या कागदावर निधीचा अर्ज रचला की पुढे जंगलाचा निम्मा भाग 'तुमच्या हद्दीत नाही' म्हणून काम अडतं.

हक्क मिळाला, गाडी निघेना

२००९ नंतर मेंढ्याकडे हक्क होता, बांबू होता, घ्यायला व्यापारी होते. पण पैसा येईना. कारण जंगलातला माल नाक्यावरून जायचा तर वाहतूक परवाना लागतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात. तो वनखात्याकडून मिळायचा, आणि खातं म्हणत होतं की बांबू हे झाड आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू होताच. वनहक्क कायदा मात्र गौण वनोपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या जंगलातल्या मालात, बांबूचं नाव घेऊन उल्लेख करतो. दोन कायद्यांच्या मध्ये गाव अडकलं होतं.

गावाने आंदोलन केलं, पत्रव्यवहार केला, प्रश्न दिल्लीपर्यंत नेला. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानायला सांगितलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. क्रमांक छापलेलं साधं पुस्तक. त्यावर माल किती, कुठून कुठे, गाडी कुठली हे भरायचं आणि ग्रामसभेच्या वतीने सही करायची. नाक्यावरचा माणूस आता त्या सहीवर गाडी सोडणार होता.

गावाच्या जंगल गटाला मिळालेलं खरं भांडवल मी याच पुस्तकाला म्हणेन. २०१२ च्या दुरुस्तीने परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेने नेमलेल्या समितीला नियमातच मिळाला, त्यामुळे पुढच्या गावांना मंत्र्यांना बोलवावं लागलं नाही.

बांबूची विक्री सुरू झाल्यावर ग्रामसभेची उलाढाल लाखांत गेली, आणि मग दुसऱ्या प्रकारची कागदं लागली : पॅन, निविदा, करारनामे, हजेरीपट. तोडीची शिस्तही सांभाळावी लागते. मानवेल म्हणजे इथला बांबू, त्याच्या बेटात कोवळे, त्या वर्षीचे कोंब तोडायचे नाहीत, जुन्यांतलेही काही उभे ठेवायचे, तोड जमिनीलगतच्या पेराच्या वर घ्यायची, आणि पावसाळ्यात वास्ते फुटत असताना बेटाला हात लावायचा नाही. व्यापाऱ्याला एका हंगामात सगळं उचलायची घाई असते. कुठलं बेट यंदा आणि कुठलं पुढच्या खेपेला, हे ग्रामसभेने ठरवलं तरच दरवर्षी पैसा येत राहतो.

रोजगार हमीची कामं ग्रामसभेमार्फत करून घेण्याची मुभाही गावाने मिळवली. तिथे एक अडचण कायम होती. त्या योजनेच्या केंद्रीय कायद्यात मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० होतं आणि मजुरी थेट मजुराच्या खात्यात जायची. हे चांगलंच. पण बैठका, मोजणी, अंदाजपत्रक तयार करणारा माणूस, तालुक्याच्या खेपा यांना त्यातून पैसा नव्हता. गट चालवायचा खर्च कुठल्याही योजनेत सहज बसत नाही. मेंढ्यात तो आधी गावाच्या स्वतःच्या ग्रामकोषाने आणि मग बांबूच्या उत्पन्नाने पेलला.

आज अर्ज लिहायला बसलेल्या गावासाठी

मेंढ्याचं जसंच्या तसं कुठे होणार नाही. छोटं, एकाच समाजाचं गाव, शाबूत जंगल, भरपूर बांबू आणि वर्षानुवर्षं टिकून राहिलेली सोबत. यातलं एकही नसलेली गावं जास्त आहेत. उदाहरणार्थ अमरावती जिल्ह्यात मेळघाटाच्या पायथ्याचं पायविहीर. तिथे २०१२ मध्ये हक्क मिळाला तो जवळजवळ दोनशे हेक्टर उजाड माळावर. विकायला काहीच नव्हतं. तिथे 'खोज' संस्थेच्या मदतीने गावाने सरकारी योजना एकत्र आणून मजुरीची कामं काढली, चर खणले, झाडं लावली, आणि मग सीताफळं आणि तेंदूपाने यांतून उत्पन्न सुरू झालं. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. अशा गावाला सुरुवातीचा पैसा बाहेरून आणावाच लागतो.

तो कुठून? सगळ्यात आधी हक्काचा पैसा बघावा. वनहक्क नियमांतला १६ वा नियम सांगतो की हक्क मिळालेल्या गावाला सरकारच्या विविध खात्यांच्या योजनांचा लाभ पोचवणं ही राज्याची जबाबदारी आहे. अर्जात हा नियम लिहिला की भाषा बदलते, विनंतीऐवजी मागणी होते. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्क्यांतून अबंध निधी (एकाच योजनेला न बांधलेला पैसा) मिळतो. त्याच्या मान्य कामांत वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, तसंच वनीकरण, जलसंधारण, वन्यजीव संवर्धन हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी बहुतेक ठिकाणी तो रस्त्यात आणि समाजमंदिरात जातो, कारण आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला जंगलाचं काम घेऊन कुणी आलेलंच नसतं.

कंपन्यांचा सामाजिक निधी आणि परदेशी देणग्या यांची वाट अवघड आहे. कंपनीकडून काम घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ही सामाजिक निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी लागते, सोबत प्राप्तिकराच्या सवलतींची प्रमाणपत्रं. परदेशी निधीला वेगळी परवानगी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ग्रामसभेकडे यातलं काहीही नसतं. म्हणजे पैसा एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या खात्यात येणार आणि ती गावात खर्च करणार. त्याला हरकत नाही, पण मग ग्रामसभा आणि संस्था यांच्यात लेखी करार हवाच. प्रस्ताव देणगीदाराकडे जाण्याआधी मराठीत ग्रामसभेत वाचला जाईल, कामावर कोण नेमायचं ते ग्रामसभा ठरवेल, जमवलेली माहिती आणि नकाशे गावाचे राहतील, आणि अहवालाची एक प्रत मराठीत गावात येईल. ज्या संस्थेला हे जड वाटतं तिच्याबरोबर काम करू नये, रक्कम कितीही मोठी असली तरी.

पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक छोटं ठेवावं. जीपीएसने सीमा मोजणी आणि नकाशा, जंगलात काय किती आहे याची गावाने केलेली पाहणी, व्यवस्थापन आराखडा, एका लिहित्या तरुणाचं आणि एका तरुणीचं मानधन, राखणदारांचे बूट-टॉर्च, बैठकांचा आणि प्रवासाचा खर्च, जाळरेषा (आग अडवायला साफ केलेले पट्टे). गाडी, इमारत, मोठी रोपवाटिका यांतलं काहीही नको. ज्या कामाला गाव श्रमदान करणार आहे तेही रुपयांत मांडून 'गावाचा वाटा' म्हणून लिहावं. राखणीचे दिवस मोजले तर तो आकडा बहुधा देणगीदाराच्या रकमेच्या बरोबरीला येतो. आणि शेवटच्या रकान्यात, निधी संपल्यावर काय, याचं उत्तर कुठल्या वनोपजावर उभं आहे ते नावानिशी सांगावं. एकाच मालावर भिस्त नको. मानवेल कित्येक दशकांनी एकदम फुलतो, बेटंच्या बेटं वाळून जातात आणि पुढची काही वर्षं तोड होत नाही. बांबूबरोबर मोह, तेंदू, हिरडा, चारोळी यांचाही हिशोब आराखड्यात धरावा.

वेळेचंही बघावं. विदर्भात आगीचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तिथून आग पसरते. जाळरेषा त्याआधी काढून व्हायला हव्यात, म्हणजे त्या कामाचा पैसा डिसेंबरपर्यंत हातात पाहिजे, आणि अर्ज त्याच्या कितीतरी आधी गेलेला पाहिजे. सरकारी मंजुरी मार्चअखेरीच्या गडबडीत येते आणि ३१ तारखेच्या आत खर्च करा म्हणून सांगितलं जातं. जाळरेषेचं काम असल्या निधीवर कधी टाकू नये. ते पहिल्या वर्षी ग्रामकोषातून आणि श्रमदानातून करावं, मंजुरीची रक्कम मोजणीला आणि आराखड्याला ठेवावी, आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच कुठल्या टोळीने कुठली रेषा काढायची ते नावांसह लिहून घ्यावं.